मुलांचे नाक आणि कोकणातली ओल

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि पुढचे चार महिने रत्नागिरी जिल्ह्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडे एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत राहते. नाक दिवसा वाहते, रात्री चोंदते, पहाटे खोकल्याची उबळ येते. औषध दिले की आठ दिवस बरे, मग पुन्हा तेच. आई सांगते, "सर्दी मुरली आहे ह्याची." आजी म्हणते, "कफाची प्रकृती आहे, बापाचंही असंच होतं." बरोबर आणलेल्या पिशवीत वर्षभराच्या चिठ्ठ्या असतात. त्या तारखेप्रमाणे एकाखाली एक लावल्या की जवळजवळ प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या अँटिबायोटिकचे नाव सापडते. डॉक्टर बदललेले असतात, गोळ्यांचे रंग बदललेले असतात, मूल आणि त्याचे नाक मात्र जिथल्या तिथे असते.

ह्या पुस्तकाची गरज त्या चिठ्ठ्यांनीच पटवून दिली. दरवेळी नवे दुखणे समजून उपचार होतात, पण बऱ्याच मुलांत दुखणे एकच असते: नाकाच्या आतल्या अस्तराला ॲलर्जीने आलेली, वर्षभर कमीजास्त होणारी सूज. त्या सुजेवर कधी विषाणूंची साधी सर्दी येऊन बसते, कधी तिच्या आडोशाने सायनसमध्ये जंतू वाढतात. आपण वरवरच्या ह्या दोन गोष्टींशी झगडतो आणि खालची सूज तशीच सोडून देतो. पालकांनी, शिक्षकांनी, अंगणवाडीताईंनी आणि आशाताईंनी ही सूज ओळखायला शिकावे, एवढ्यासाठी पुढची प्रकरणे लिहिली आहेत. त्यांत शिरण्याआधी विषयाची मांडणी इथे करतो.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या हवेने भरलेल्या पोकळ्या. त्या सगळ्यांना असतात, पण जन्मतः सगळ्या तयार नसतात. गालाच्या हाडांतली एक जोडी आणि दोन डोळ्यांच्या मधली दुसरी, एवढ्याच बाळ जन्मते तेव्हा लहान रूपात असतात. कवटीच्या तळाशी असलेली जोडी पुढे काही वर्षांनी हवेने भरते. कपाळातली तर सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागते आणि मूल वयात येईपर्यंत वाढत राहते. चार वर्षांच्या मुलाचे कपाळ दुखते म्हणून त्याला 'सायनसची डोकेदुखी' ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे. त्या कपाळात ती पोकळी अजून झालेलीच नसते. लहान मुलाचा सायनसचा आजार डोकेदुखीने क्वचितच कळतो. दिवसाही येणारा आणि आडवे झाल्यावर वाढणारा खोकला, श्वासाला येणारा वास, सकाळी डोळ्यांभोवती दिसणारा किंचित फुगीरपणा, ह्या त्याच्या खुणा.

ह्या पोकळ्यांच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांचा थर असतो. हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका दिशेने हलतात आणि वरचा चिकट स्राव पोकळीच्या दाराकडे ढकलत राहतात. गालातल्या सायनसचे दार तळाशी नसते, वरच्या अंगाला असते. म्हणजे उभ्या माणसाच्या गालातला स्राव ह्या केसांना चोवीस तास वर चढवावा लागतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातले नाक-कान-घसा तज्ज्ञ वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी हा प्रवाह बारकाईने अभ्यासला. त्यांना आढळले की सायनसला खाली दुसरे भोक पाडले तरी स्राव त्याला वळसा घालून निसर्गाने दिलेल्या मूळ दाराकडेच जातो. सायनसच्या शस्त्रक्रियेची सगळी दिशा ह्या एका निरीक्षणाने बदलली. आपल्यापुरता त्याचा अर्थ असा की सायनसचे आरोग्य त्याच्या दारावर अवलंबून आहे. मुलांत हे दार अवघे काही मिलिमीटरचे असते. भोवतालचे अस्तर थोडे सुजले तरी ते मिटते. आत स्राव साचतो, प्राणवायू कमी होतो, केसांची हालचाल मंदावते आणि नाकाच्या मागच्या भागात एरवी निवांत राहणारे जंतू तिथे वाढू लागतात.

हे दार बहुतेक वेळा कशाने मिटते? साध्या सर्दीने. शाळकरी वयातल्या निरोगी मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ सर्दी-पडशी होणे अगदी सामान्य आहे, आणि बालवाडीच्या पहिल्या वर्षात त्याहून जास्तही होतात. ही पडशी विषाणूंची असतात आणि त्यांतली जेमतेम ५ ते १० टक्के पुढे सायनसच्या जंतुसंसर्गात बदलतात. म्हणजे पडसे झालेल्या दहा मुलांतल्या नऊ जणांना अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नसतो. मग ते दहावे मूल ओळखायचे कसे? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ सालच्या मार्गदर्शिकेत दिलेले निकष आपल्याकडेही तितकेच लागू पडतात. नाक वाहणे किंवा दिवसाचा खोकला दहा दिवसांनंतरही जराही उतरला नाही; किंवा पडसे उताराला लागले आणि मग ताप, खोकला, शेंबूड पुन्हा उसळला; किंवा सुरुवातीलाच ३९ अंश सेल्सियसच्या वर ताप आणि पूमिश्रित स्राव सलग तीन दिवस राहिला. ह्या तिन्हींपैकी काहीही नसेल तर थांबावे, मुलाला पाणी-पेज द्यावी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत.

शेंबडाच्या रंगावरून औषध मागणारे पालक फार आहेत, आणि रंगावरून औषध देणारे डॉक्टरही. पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा रंगच हिरवट असतो. त्या पेशी विषाणूंशी लढायलाही येतात, त्यामुळे साध्या पडशात चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतो आणि पुढे आपोआप निवळतो. एक्स-रेचेही तसेच. साधी सर्दी असलेल्या मुलाचा एक्स-रे काढला तरी सायनस धूसर दिसू शकतात. त्या धूसरपणाने जंतू आहेत की विषाणू हे कळत नाही. म्हणून साध्या सायनसच्या संशयासाठी लहान मुलाचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढू नये असे तीच मार्गदर्शिका सांगते.

अँटिबायोटिक लागतेच तेव्हा ॲमॉक्सिसिलिन, एकटे किंवा क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह, हे पहिले औषध. आपल्या गावांत मात्र तीन दिवसांच्या अझिथ्रोमायसिनची सवय लागली आहे. डोस कमी, चव बरी, पालक खूश. सायनसमधल्या मुख्य जंतूंमध्ये त्याला दाद न देणाऱ्या जाती इतक्या वाढल्या आहेत की मार्गदर्शिका त्याला नकार देते. ह्या मुख्य जंतूंपैकी न्यूमोकोकसविरुद्धची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रासह देशभर पोचली. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. बाळाच्या कार्डावर तिची नोंद आहे का, हे आजच पाहावे.

आता ॲलर्जीकडे येतो. ॲलर्जीचे नाक आणि पडशाचे नाक लांबून सारखेच दिसते. जवळून पाहिले की फरक कळतो. ॲलर्जीत ताप नसतो. स्राव पाण्यासारखा पातळ असतो. शिंका एकामागून एक सात-आठ येतात, त्याही बहुधा सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर. नाक, डोळे, टाळू खाजतात. मूल तळहाताने नाकाचा शेंडा वर ढकलत राहते, आणि वर्षानुवर्षे असे केल्याने नाकाच्या मधोमध आडवी घडी पडते. डोळ्यांखाली काळसर वर्तुळे येतात. तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते. घरात कोणाला तरी दमा, इसब किंवा असेच नाक असते.

शरीरात घडते ते असे. काही मुलांची प्रतिकारयंत्रणा धुळीतल्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिपिंड बनवते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे ते शोधले. हे प्रतिपिंड नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा तेच प्रथिन नाकात गेले की त्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते: शिंका, खाज, पाणी. काही तासांनी दुसरी लाट येते, इतर पेशी जमतात आणि अस्तर सुजलेलेच राहते. मूल रोज त्याच धुळीत झोपत असेल तर ही सूज उतरायला सवडच मिळत नाही. सुजलेले अस्तर, मिटलेले दार, मंदावलेले केस, साचलेला स्राव. त्यात शाळेतून आणलेले एखादे पडसे मिसळले की इतर मुलांपेक्षा ह्या मुलाला ते जास्त दिवस पुरते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ॲलर्जी आणि सायनस ह्यांचे नाते किती थेट आहे यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. दोन्ही एकाच मुलात वारंवार दिसतात हे खरे, पण ॲलर्जी असलेल्या प्रत्येक मुलाला सायनस होत नाही आणि सायनस झालेल्या प्रत्येकाला ॲलर्जी नसते. लहान मुलांत नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठीही जंतूंचे ठाणे बनतात. म्हणून 'सगळं ॲलर्जीनेच होतं' हा निष्कर्षही मी आंधळेपणाने स्वीकारणार नाही. माझा आग्रह एवढाच की वारंवार सायनस होणाऱ्या मुलात ॲलर्जी आहे का हे एकदा नीट पाहावे, कारण असली तर ती आटोक्यात आणता येते. आणि ॲलर्जी नसूनही नाकात-छातीत जंतूंचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, वजन वाढत नसेल, तर प्रतिकारशक्तीचे किंवा त्या सूक्ष्म केसांचेच जन्मजात आजार तपासायला मोठ्या रुग्णालयात जावे.

कोकणातल्या मुलांसाठी ह्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा शोध नेदरलँड्समध्ये लागला. घरातल्या धुळीने दमा आणि शिंका होतात हे डॉक्टरांना बऱ्याच काळापासून ठाऊक होते, पण धुळीतले नेमके काय, हे कळत नव्हते. लायडनमधल्या फोरहोर्स्ट, स्पीक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ पासून पुढच्या काही वर्षांत दाखवून दिले की दोषी आहे धुळीत राहणारा माइट, डोळ्यांना न दिसणारा, कोळ्याच्या जातकुळीतला आठ पायांचा जीव. त्यांच्या पाहणीत ओलसर घरांतल्या धुळीत तो जास्त सापडला. समुद्राकाठचा, पाणथळ, ढगाळ देश तो. तिथले निष्कर्ष वाचताना मला आपला पावसाळा आठवत राहतो.

माइट चावत नाही. माणसाच्या अंगावरून रोज झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर तो जगतो, म्हणून त्याची वस्ती गादीत, उशीत, गोधडीत. पाणी तो पीत नाही. हवेतली ओल अंगातून शोषून घेतो. हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो, आणि ७० ते ८० टक्क्यांत, ऊबदार हवेत झपाट्याने वाढतो. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी. ते कण जड असतात, हवेत फार वेळ तरंगत नाहीत. अंथरूण झटकले, मुले गादीवर उड्या मारू लागली, कोरडी केरसुणी फिरली की ते उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात.

आता रत्नागिरीचा पावसाळा डोळ्यांपुढे आणा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती ओल धरतात. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, चपलांना आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशी धरते, धुतलेली चादर तीन दिवस दोरीवर ओलसरच राहते. पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद. सगळे घर माजघरात एकाशेजारी एक झोपलेले, अंगावर आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. मायेची ती ऊब मुलांपासून हिरावून घ्या असे मी म्हणणार नाही. पण त्या गोधडीला वर्षाकाठी किती ऊन मिळते, हे विचारलेच पाहिजे.

आपल्याकडे आगोट भरायची रीत आहे. पावसाआधी लाकूडफाटा, सुकी मासळी, तिखट-मीठ, कडधान्ये, सांडगे-पापड अशी चार महिन्यांची बेगमी वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात होते. त्याच यादीत अंथरुणे घ्यावीत, असे ह्या पुस्तकातले एक प्रकरण सांगते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात गाद्या, उश्या, गोधड्या दोन्ही बाजूंनी दिवसभर वाळवाव्यात आणि घरापासून दूर नेऊन झटकाव्यात; मुलाने तिथे थांबू नये. गोधडी ५५-६० अंशांच्या, म्हणजे हाताला न सोसणाऱ्या गरम पाण्यात धुतली तर माइट मरतात. नुसत्या गार पाण्याने त्यांतले बरेच तगून राहतात. पावसाळ्यात ऊन नसते तेव्हा गादीला आणि उशीला घट्ट विणीचे, चेन असलेले अभ्रे घालावेत. ज्याला त्रास आहे त्या मुलाला जुन्या कापसाच्या गादी-उशीऐवजी दर आठवड्याला धुता येणारी चादर आणि साधी चटई बरी. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. एक खिडकी, पाऊस थांबला की लगेच, रोज उघडावी. ह्यांतल्या एकट्या-दुकट्या उपायाने फारसे साधत नाही, असेच आजवरचे अभ्यास सांगतात. म्हणून सगळे एकत्र करावेत आणि त्यांच्या जोडीने औषधही चालू ठेवावे.

ओलीबरोबर बुरशी येते. तिचे बीजाणू हवेतून नाकात जातात आणि काही मुलांना त्यांचीही ॲलर्जी असते. हवेत काय तरंगते ह्याचा शास्त्रीय अभ्यास महाराष्ट्रात जुना आहे. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या मराठवाडा विद्यापीठातले प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतले परागकण आणि बीजाणू सलग पकडणारे यंत्र बनवले, ते आजही 'टिळक एअर सॅम्पलर' म्हणून ओळखले जाते. माळरानावरच्या पिकांच्या हवेत फिरलेली ती दृष्टी कोकणच्या घरांकडेही वळायला हवी.

कारण आपल्या वर्षाच्या प्रत्येक तुकड्याला नाकाशी काहीतरी देणेघेणे आहे. गणपतीआधी माळा झाडला जातो. वर्षभराची धूळ, झुरळांचे अवशेष, जुन्या मखराचे कागद खाली येतात, चुन्याचा किंवा रंगाचा वास घरभर असतो. मुंबईहून चाकरमानी येतात, घरात माणसे दुप्पट होतात, बंद पेट्यांतली अंथरुणे बाहेर निघतात आणि दहा दिवस धूप-उदबत्ती अखंड जळते. गणपतीनंतरच्या आठवड्यात खोकणाऱ्या मुलांची गर्दी उगाच होत नाही. माळा झाडायचा तर मुलाला त्या दिवशी शेजारी पाठवावे आणि पेटीतली अंथरुणे आठवडाभर आधी वाळवावीत. पुढे भाद्रपद-आश्विनात सड्यावरचे गवत फुलते, आणि गवताचे परागकण वाऱ्यावर दूरवर जातात. भाट्याच्या किनाऱ्यावर जे सुरूचे बन आहे, ती झाडेही वाऱ्यानेच परागण करणारी. हापूसचा मोहोर मात्र बराचसा निर्दोष आहे. त्याचे परागण मुख्यतः माश्या आणि इतर कीटक करतात आणि पराग चिकट असल्याने फार उडत नाही. मोहोराच्या दिवसांत बागेजवळच्या घरातले मूल खोकत असेल तर आधी फवारणीकडे पाहावे. फवारणीच्या वेळी मुलांना दूर न्यावे, दारे-खिडक्या लावाव्यात. मग फाल्गुन-चैत्रात राब भाजतात, तो धूर. शिमग्याची धूळ. वर्षभर चुलीचा धूर, डासांच्या उदबत्तीचा धूर, आणि घरात कोणी ओढत असेल तर विडीचा. धुराने ॲलर्जीचे प्रतिपिंड बनतातच असे नाही, पण सुजलेले अस्तर तो आणखी चिडवतो आणि सूक्ष्म केसांची हालचाल मंद करतो. राब भाजणे एका घराच्या हातात नसते. घरातली विडी असते.

"आमच्या लहानपणी कुठं होती ही ॲलर्जी?" हा प्रश्न प्रत्येक आजोबा विचारतात. तो टाळण्यासारखा नाही. पूर्वी शेंबडे नाक हे बालपणाचाच भाग मानले जाई. कोणी मोजत नव्हते. पण प्रश्नात तथ्यही आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ साली दाखवले की जास्त भावंडांत वाढलेल्या मुलांना गवतज्वर कमी होतो, आणि पुढे युरोपातल्या गोठ्यांजवळ वाढलेल्या मुलांतही तसेच दिसले. लहान वयात मातीतल्या, गुरांच्या अंगावरच्या जंतूंशी ओळख झाली की प्रतिकारयंत्रणा शहाणी होते, असा त्यातला विचार. जगभरच्या मुलांमधल्या दमा-ॲलर्जीची एकाच प्रश्नावलीने तुलना करणारा आयझॅक हा अभ्यास १९९० च्या दशकात झाला, तेव्हा त्यात मुंबई, पुणे आणि अकोला ही महाराष्ट्रातली केंद्रे होती. देशादेशांतला आणि एकाच देशातल्या गावागावांतला फरक त्यात फार मोठा निघाला. आनुवंशिकता दोन पिढ्यांत बदलत नाही. घर आणि हवा बदलते. कोकणातही बदलले आहे. सारवलेल्या जमिनीच्या जागी लादी, कौलांच्या जागी स्लॅब, चटईच्या जागी जाड गादी, उघड्या पडवीच्या जागी काचेच्या खिडक्या.

ह्या आजाराकडे 'नुसती सर्दी' म्हणून पाहणे मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्याची किंमत मूल मुकाट्याने मोजत असते. रात्रभर तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाची झोप तुटक असते. नाक आणि कान जोडणारी नळी सुजल्याने कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि ऐकू कमी येते. वर्गात ते मागे पडते, बाई लिहितात 'लक्ष देत नाही'. घरी ओरडा बसतो. त्या मुलाला कोणी विचारलेलेच नसते की तुला फळ्याजवळचे बोलणे ऐकू येते का, रात्री तुझी झोप होते का. शाळांत तपासणीला जाणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके दात आणि डोळे पाहतात, तशी उघड्या तोंडाने बसलेली मुलेही त्यांनी टिपून ठेवावीत. आणि नाक व छाती हा एकच मार्ग आहे. ॲलर्जीच्या नाकाकडे दुर्लक्ष झालेल्या अनेक मुलांत बालदमा पुढे उभा राहतो, आणि ज्यांना दमा आहेच त्यांचा दमा नाक सुधारल्याशिवाय आटोक्यात राहत नाही.

उपचाराबाबत भीती चुकीच्या जागी बसली आहे. नाकात मारायच्या स्टिरॉइडच्या फवाऱ्याला पालक घाबरतात. खरे तर ॲलर्जीच्या नाकाची सूज उतरवणारे तेच सर्वांत परिणामकारक औषध आहे. त्यांतले काही फवारे दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी मान्य आहेत आणि रक्तात अत्यल्प जातात. डॉक्टरांनी मुलाची उंची मधूनमधून मोजावी, एवढी काळजी पुरते. फवारा रोज, काही आठवडे घ्यावा लागतो, आणि त्याची नळी मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला धरावी. शिंक आली त्या दिवशी मारायचा आणि बरे वाटले की ठेवून द्यायचा, असे केल्यास तो निकामी ठरतो.

ज्यांची भीती वाटायला हवी ती औषधे मात्र घरात उघडी पडलेली असतात. नाक पटकन मोकळे करणारे थेंब तीन-चार दिवसांच्या पुढे वापरले की नाक उलट जास्त चोंदते. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन ह्यांचे सर्दीचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तसा इशारा बाटलीवर छापावा, असे भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात बजावले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा भागातली लहान मुले खोकल्याच्या विषारी औषधाने दगावली. त्यांतल्या अनेकांना नागपूरला उपचारासाठी आणले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. साध्या पडशासाठी ती बाटली घरात येण्याची मुळात गरजच नव्हती, हे मनातून जात नाही. मॉन्टेलुकास्ट हे औषध आपल्याकडे सर्दीसाठी सर्रास दिले जाते. त्याने काही मुलांत झोपेचे, स्वभावाचे, मनःस्थितीचे गंभीर बदल होतात म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये कडक इशारा दिला आणि नुसत्या ॲलर्जीच्या नाकासाठी ते सहसा टाळायला सांगितले. ते चालू असेल तर आपणहून बंद न करता डॉक्टरांशी बोलावे.

घरगुती उपायांचे मी स्वागत करतो, पण काही उपायांना हात जोडून नाही म्हणतो. वाफ देताना उकळत्या पातेल्याने भाजलेली मुले दरवर्षी येतात. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल घातले की ते फुप्फुसात जाऊ शकते. कापूर आणि निलगिरीचे तेल पोटात गेले तर आकडी येते. आणि केळे बंद, दही बंद, ताक बंद, मे महिन्यात आंबासुद्धा बंद, ह्याला काही आधार नाही. रत्नागिरीतल्या मुलाला आंब्याच्या दिवसांत आंब्यावाचून ठेवायचे, तेही नाकातल्या माइटच्या ॲलर्जीसाठी! एखाद्या पदार्थाने खरोखर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, उलटी होत असेल तर तो टाळावा; नाकासाठी ताट कोरे करू नये. शेकडो पदार्थांच्या आयजीजी प्रतिपिंडांचे महागडे रक्ततपासणी पॅकेज ॲलर्जी ठरवायला निरुपयोगी आहे. त्वचेवरची टोचणी चाचणी किंवा विशिष्ट आयजीईची तपासणी, तीही लक्षणांशी ताडून, उपयोगाची. लंडनमध्ये १९११ साली लेनर्ड नून यांनी सुरू केलेली, थोडी थोडी मात्रा देऊन ॲलर्जी सौम्य करण्याची पद्धत आज माइटच्या ॲलर्जीत काही मुलांना लाभते. ती वर्षानुवर्षे चालते आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

काही गोष्टींत मात्र क्षणाचाही विलंब नको. डोळ्याभोवती लाल सूज येऊन डोळा उघडत नसेल, डोळा पुढे आल्यासारखा वाटत असेल, हलवताना दुखत असेल, दोन-दोन दिसत असेल, किंवा ताप-डोकेदुखीसोबत उलट्या, गुंगी, मान ताठणे असेल, तर सायनसचा संसर्ग डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूकडे पसरत असू शकतो. मंडणगड असो की राजापूर, त्याच रात्री निघावे. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर ती ॲलर्जी नसते. आत बहुधा चिंचोका, मणी, फोमचा तुकडा असतो. बटणासारखा सेल असेल तर काही तासांतच तो नाकाचा पडदा जाळतो. चिमट्याने घरी ओढू नये, रुग्णालय गाठावे.

पुस्तकाच्या शेवटी बारा पानांची कोरी दिनदर्शिका दिली आहे, आपल्या महिन्यांप्रमाणे आखलेली. मुलाचे नाक ज्या दिवशी वाहिले, चोंदले, शिंका आल्या, त्या दिवसाला खूण करावी आणि शेजारी पाऊस, झाडलोट, पाहुणे, फवारणी, धूर, ताप असे जे असेल ते लिहावे. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने प्रसिद्ध झालेल्या 'आरिया' मार्गदर्शिकेत साधी विभागणी आहे: आठवड्यात चार दिवसांहून जास्त आणि सलग चार आठवड्यांहून जास्त त्रास असेल तर ॲलर्जीचे नाक चिवट समजावे; झोप, खेळ, शाळा बिघडत असेल तर ते सौम्य समजू नये. पानावरच्या खुणा मोजल्या की आपले मूल कुठे बसते ते कोणालाही कळेल. ती पाने घेऊन डॉक्टरकडे गेलात तर पहिल्याच भेटीत वर्षभराचे नाक त्यांच्यासमोर उघडे राहील, आणि पिशवीतल्या चिठ्ठ्यांत आणखी एका अँटिबायोटिकची भर पडण्याआधी त्यांना थांबून विचार करता येईल. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. नऊही तालुक्यांतून अशी भरलेली पाने तिथे पोचली आणि कोणा तरुण डॉक्टराने गच्चीवर हवेचे नमुने घेणारे एक यंत्र बसवले, तर कुठल्या महिन्यात कोकणच्या हवेत काय असते आणि त्याच महिन्यात किती मुलांची नाके गळतात, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल. अशी पाने पाठवायचा पत्ता पुढच्या आवृत्तीत छापता यावा, ह्यासाठी प्रयत्न चालू आहेत.